गुणवत्तेची पद्धत आणि पर्यावरण: सोलापूरच्या टॉवेल-चादर कारखानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यांत गुणवत्तेचं काम करताना हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले. कधी फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर, कधी ऑडिटच्या आदल्या रात्री फोनवर. उत्तरं मुद्दाम आपल्या धंद्याच्या भाषेत लिहिली आहेत. उदाहरणं बहुतेक टॉवेल, चादर आणि सूतरंगाईची आहेत, कारण मी तिथेच शिकलो.

गुणवत्ता आणि पर्यावरण ही दोन वेगळी खाती नाहीत का?

कागदावर वेगळी असतात. एक रजिस्टर क्वालिटीवाल्याकडे, दुसरं ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राच्या, ऑपरेटरकडे, आणि दोघांची भेट पगाराच्या दिवशी. पण रंगाईच्या मशीनपाशी उभं राहून पाहा.

कॅबिनेटमध्ये, म्हणजे सुताच्या लडी रंगवायच्या मशीनमध्ये, १०० किलो सूत भरलं. एका किलोला दहा लिटर या प्रमाणात एका भरणीला १,००० लिटर पाणी लागतं. ब्लिचिंग, धुणं, न्यूट्रल करणं, रंग, गार धुणं, गरम सोपिंग, पुन्हा धुणं असं सगळं मिळून दहा भरण्या धरल्या तर १०,००० लिटर झाले, म्हणजे एक टँकर. रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या, रंगाला लिटरमागे ५० ग्रॅम मीठ धरलं तर ५० किलो मीठ लागलं. यातला मिठाचा एक कणही टॉवेलमध्ये राहत नाही. मीठ फक्त रंगाला धाग्याकडे ढकलतं आणि स्वतः गटाराकडे निघून जातं.

आता शेड, म्हणजे रंगाची छटा, चुकली. कॉस्टिक आणि हायड्रो टाकून रंग काढा, धुवा, पुन्हा रंगवा, पुन्हा धुवा. आणखी नऊ भरण्या, ९,००० लिटर पाणी आणि पुन्हा ५० किलो मीठ. क्वालिटीच्या वहीत या सगळ्याची एकच ओळ असते: "लॉट फेररंगाई, ओके." ईटीपीच्या वहीत त्या दिवशी सांडपाणी वाढलेलं दिसतं, पण का वाढलं ते लिहिलेलं नसतं.

महिन्याला २०० लॉट निघतात आणि त्यातले १२ परत रंगवावे लागतात असं समजू. १२ गुणिले ९,००० म्हणजे १,०८,००० लिटर पाणी आणि ६०० किलो मीठ. हा हिशोब समजावण्यापुरता आहे, तुमच्या मशीनचे आकडे तुम्ही घाला. पण मांडणी तीच राहील: चुकलेला लॉट म्हणजेच प्रदूषण. माझं सगळं म्हणणं याच्याभोवती फिरतं. पर्यावरणाचं काम सुरू करायला नवा विभाग उघडू नका, आधी दोषांची वही उघडा.

"गुणवत्तेची मॉडेल्स" म्हणजे नेमकं काय? आम्हाला फक्त आयएसओ माहीत आहे.

आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक त्यातलं एक. ते १९८७ साली पहिल्यांदा आलं, आणि सध्या बहुतेकांच्या भिंतीवर २०१५ ची आवृत्ती आहे. त्याच्या मागे जुनी परंपरा आहे. वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण-आलेख दिला, म्हणजे काम ठरलेल्या मर्यादेत चाललंय का ते दाखवणारा आलेख. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानमध्ये व्याख्यानं दिली, आणि 'योजना, कृती, तपासणी, सुधारणा' हे चक्र म्हणजे पीडीसीए तिथून कारखान्या-कारखान्यात पोहोचलं. जोसेफ जुरान, काओरू इशिकावा, टोयोटात तैइची ओहनो, पुढे मोटोरोलाची सिक्स सिग्मा. अमेरिकेत १९८७ पासून गुणवत्तेसाठीचा बाल्ड्रिज पुरस्कार आहे, युरोपात ईएफक्यूएम या संस्थेचं गुणवत्तेचं मॉडेल आहे. आपल्याकडे लघुउद्योगांसाठी केंद्र सरकारचं 'झेड' आहे, त्याबद्दल पुढे.

या मॉडेल्समध्ये पर्यावरणासाठी काय बदलावं लागतं? की आहेत तशीच चालतात?

साधनं जशीच्या तशी चालतात. फिशबोन (कारणं शोधायची आकृती), पॅरेटो (कुठल्या कारणाने जास्त नुकसान होतं ते दाखवणारा आलेख), ५-एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), नियंत्रण-आलेख यांना कापडातला दोष आणि पाण्यातला दोष यांत फरक करता येत नाही. बदलावा लागतो तो 'ग्राहक' या शब्दाचा अर्थ.

गुणवत्तेचं सगळं शास्त्र ग्राहकाच्या तक्रारीवर उभं आहे. टॉवेलचा रंग गेला तर जर्मनीचा किंवा दुबईचा खरेदीदार रात्री दोन वाजता मेल टाकतो. नाल्यात रंग गेला तर नाला मेल टाकत नाही. म्हणून पर्यावरण व्यवस्थापनाच्या आयएसओ १४००१ या मानकात ग्राहकाच्या जागी 'संबंधित पक्ष' येतात: शेजारचं गाव, नियंत्रण मंडळ, कामगार, खालच्या अंगाचा शेतकरी.

हे आपल्या भूगोलात घालून पाहिलं की पटकन समजतं. उजनीचं पाणी हिरवं दिसलं की आपण पुण्या-पिंपरीच्या सांडपाण्याला बोल लावतो, आणि ते बरोबरच आहे. पण आपणही कुणाच्या तरी वरच्या अंगाला बसलोय. सीना आणि भीमा हत्तरसंग कुडलला मिळतात, आणि पुढे ती भीमा कर्नाटकात जाते. तिथला शेतकरी हा आपल्या यादीतला 'संबंधित पक्ष'. त्याचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही, म्हणून तर त्याला यादीत लिहून ठेवायचं.

गेनिची तागुची या जपानी अभियंत्याने हे फार आधी वेगळ्या वाटेने मांडलं होतं. माल बाहेर पडल्यानंतर समाजाला त्यापायी जे नुकसान सोसावं लागतं, त्यावरून त्याने गुणवत्ता मोजली. आपण फक्त त्याच्या 'समाजा'त नदीही धरायची.

दुसरा बदल व्याप्तीचा. ९००१ मध्ये तुमची नजर बहुधा माल रवाना होईपर्यंत असते. १४००१ मालाच्या सगळ्या आयुष्याकडे पाहायला लावतं: कापूस कुठला, सूत कुणाचं, ग्राहक तो टॉवेल किती गरम पाण्यात धुणार, आणि फाटल्यावर त्याचं काय होणार.

आमच्याकडे ९००१ आहे. १४००१ साठी सगळं नव्याने करायचं का?

नाही. २०१५ पासून दोन्ही मानकांचा सांगाडा एकच आहे: दहा प्रकरणं, त्याच क्रमाने. कागदपत्रांचं नियंत्रण, अंतर्गत ऑडिट, व्यवस्थापन आढावा, प्रशिक्षणाची नोंद, चूक सापडल्यावरची सुधारणा, हे सगळं आहे तेच वापरा. आढावा बैठक एकच घ्या, विषयपत्रिकेत पाणी आणि वीज घाला.

खरी भर तीन-चार ठिकाणी आहे. एक, पर्यावरणीय पैलूंची नोंद: कुठल्या कामातून काय बाहेर पडतं आणि त्याचा परिणाम काय. दोन, कायद्याच्या अटींची यादी आणि त्या पाळल्याचा पुरावा. तीन, आणीबाणीची तयारी: ॲसिडचा कॅन फुटला, बॉयलरच्या इंधनाला आग लागली तर कोण काय करणार. चार, मघाशी सांगितलेली आयुष्यभराची नजर.

एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयएसओने ९००१ आणि १४००१ सकट आपल्या व्यवस्थापन मानकांत हवामानबदलाची दुरुस्ती घातली. हवामानबदल हा तुमच्या धंद्यासाठी लागू मुद्दा आहे का, हे आता ९००१ वाल्यानेही ठरवायचं आहे. सोलापुरात याचं उत्तर 'लागू नाही' असं लिहिणाऱ्याने एकदा एप्रिलमधलं आपलं टँकरचं बिल काढून पाहावं.

पीडीसीए प्रत्यक्षात कसं चालतं? फळ्यावर वर्तुळ काढून होतं, पुढे काही होत नाही.

एका मे महिन्यातली गोष्ट सांगतो, कारखान्याचं नाव बाजूला ठेवून.

मरून रंगाचा लॉट होता. रंगाई मास्टरनी लडी पिळून खिडकीशी नेली, मंजूर नमुन्याशेजारी उजेडात धरली आणि काही न बोलता टेबलावर ठेवली. मरूनला तपकिरी झाक आली होती. त्या आठवड्यातला तो तिसरा लॉट. पहिल्या दोन वेळी रंगाच्या कंपनीला फोन झाला होता, तोलकाट्यावरच्या पोराला दम भरून झाला होता. रेसिपी तीच, रंग तोच, मशीन तेच.

आम्ही फिशबोन काढायला बसलो. माणूस, मशीन, माल, पद्धत. गेटवरची आवक वही कुणीतरी सहज चाळली, तेव्हा दिसलं की टँकरच्या पावत्यांवर आठ दिवसांपासून वेगळ्या गावाचं नाव येतंय. आधीची विहीर आटली होती, टँकरवाला दुसऱ्या बोअरवरून पाणी आणत होता. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आमच्यापैकीही कुणी विचारलं नव्हतं.

हार्डनेसचं, म्हणजे पाण्याचा जडपणा (त्यातले क्षार) मोजायचं, किट आणलं. परीक्षानळीत पाणी, त्यात सूचक टाकल्यावर वाइनसारखा लाल रंग, मग वरून एकेक थेंब मोजत जायचं, लालाचा निळा होईपर्यंत. आमच्या नेहमीच्या पाण्याला जितके थेंब लागायचे त्याच्या दुपटीपेक्षा जास्त झाले तरी नळी लालच. मास्टर शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मी उगाच पोराला बोललो."

दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम रिॲक्टिव्ह रंगाला आणि सोड्याला आडवं येतं, शेड हलते, धुतानाही रंग नीट निघत नाही. म्हणजे पाणी कमी पडलं की वाईट पाणी येतं, वाईट पाण्याने लॉट बिघडतो, आणि बिघडलेल्या लॉटपायी आणखी पाणी लागतं. दुष्काळातच आमचं पाणी वाढत होतं.

योजना अशी ठरली: टँकर हौदात रिकामा करण्याआधी थेंब मोजायचे, आकडा पावतीवर लिहायचा, आणि त्या आकड्यावरून सिक्वेस्टरिंग एजंटचा (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवणाऱ्या रसायनाचा) डोस ठरवायचा तक्ता मशीनपाशी लावायचा. कृती एकाच मशीनवर, पंधरा दिवस. तपासणी म्हणजे त्या मशीनवरचे परत आलेले लॉट मोजणं. एकही आला नाही. मग ते सगळ्या मशीनना लागू केलं, आणि पावतीवर हार्डनेसचा आकडा नसेल तर बिल पास होणार नाही असा नियम अकाउंटला दिला. सुधारणा टिकली ती या शेवटच्या नियमामुळे. टँकरवाला आता स्वतःच "साहेब, थेंब मोजा" म्हणतो.

कोणते आकडे मोजावेत? सगळंच मोजायला माणसं नाहीत.

चार पुरेत. पहिल्याच वेळी बरोबर आलेल्या लॉटची टक्केवारी. किलो सुतामागे लिटर पाणी. किलो मालामागे विजेचे युनिट. किलो मालामागे बॉयलरचं इंधन. ढोबळ आकड्याने फसगत होते, कारण ऑर्डर कमी असलेल्या महिन्यात पाणी कमी दिसतंच. म्हणून भागिले किलो.

पाणी मोजायला मीटर लागतो, आणि आश्चर्य वाटेल इतक्या ठिकाणी तो नसतो. बोअरवर एक, टँकरच्या हौदाच्या बाहेर एक, रंगाई विभागाच्या आत शिरताना एक. हे तीन बसवले की पहिल्या महिन्यात बेरजा जुळत नाहीत. जो फरक येतो तीच तुमची गळती.

शेजारच्या कारखान्याचा आकडा मागत बसू नका. त्याचं मशीन, त्याची शेड, त्याचं सूत वेगळं. स्वतःच्या गेल्या तीन महिन्यांशी तुलना करा.

मालकांना पटवायचं कसं? ते म्हणतात पर्यावरण म्हणजे खर्च.

मालकांना दोष देऊ नका. त्यांना आजवर पर्यावरणाची फक्त बिलंच दाखवली गेली आहेत.

अर्मंड फायगेनबॉम यांनी १९५० च्या दशकात गुणवत्तेच्या खर्चाची जी मांडणी केली ती इथे फार उपयोगी पडते. प्रतिबंधाचा खर्च, तपासणीचा खर्च, आत सापडलेल्या चुकीचा खर्च आणि बाहेर गेलेल्या चुकीचा खर्च. पर्यावरणाची बिलं याच चार कप्प्यांत टाका. हार्डनेस किट आणि प्रशिक्षण प्रतिबंधात. सांडपाण्याचे नमुने प्रयोगशाळेत देणं तपासणीत. आणि ईटीपी चालवायचा खर्च? बहुतेक जण तो 'पर्यावरण' म्हणून वेगळा लिहितात. मी त्याचा मोठा हिस्सा आतल्या चुकीच्या कप्प्यात टाकतो. धाग्याला न चिकटलेला रंग आपण विकत घेतला, तापवला, ढवळला, वाहून घालवला, आणि मग तो काढायला पुन्हा रसायन विकत घेतलं. शेवटी उरलेला गाळ अधिकृत केंद्रात पाठवायचेही पैसे दिले. एकाच रंगाचे चार वेळा पैसे. मालकांना हे वाक्य लगेच समजतं, कारण ते धंद्याचं आहे.

याच विचाराला मानकाचं रूप आयएसओ १४०५१ ने २०११ मध्ये दिलं. तिथे वाया गेलेल्या मालावरही कच्चा माल, वीज आणि मजुरी यांचा वाटा टाकतात. लहान कारखान्याने पूर्ण मानक राबवायची गरज नाही. एका महिन्याच्या फेररंगाईवर असा हिशोब करा आणि तो कागद मालकांच्या टेबलावर ठेवा.

लीन केलं की आपोआप पर्यावरण सांभाळलं जातं ना?

बऱ्याचदा हो, नेहमी नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. लीन म्हणजे अपव्यय कमी करण्याची पद्धत. टोयोटाच्या ओहनोंनी सांगितलेल्या सात अपव्ययांत जादा उत्पादन, जादा साठा, दोष असे प्रकार आहेत. ते कमी झाले की पाणी-वीज वाचतेच. पण लीनचं दुसरं टोक आहे लहान लॉट आणि वारंवार बदल. लूमवर ते ठीक. रंगाईत मात्र प्रत्येक शेड बदलताना मशीन धुवावं लागतं. सकाळी काळा, दुपारी पांढरा, संध्याकाळी नेव्ही असा क्रम लावला तर साठा शून्य आणि धुण्याचं पाणी दुप्पट.

यावर उपाय जुनाच आहे, आपल्या मास्टर लोकांना ठाऊक असलेला: आठवड्याचं नियोजन फिक्याकडून गडदाकडे. क्रीम, पिवळा, गुलाबी, मग लाल, मरून, शेवटी काळा. मार्केटिंगवाल्याला दोन दिवस थांबायला सांगावं लागतं. ही खरी रस्सीखेच आहे, आणि ती व्यवस्थापन आढाव्यात उघडपणे मांडली पाहिजे. कुठलंच मॉडेल ती तुमच्यासाठी सोडवत नाही.

सिक्स सिग्मा वापरावं का?

दहा लाख संधींत ३.४ दोष हे मोटोरोलासारख्यांचं लक्ष्य आहे. शंभरात सहा लॉट परत येणाऱ्या ठिकाणी आधी पॅरेटो काढा. दोन कारणंच अर्ध्याहून जास्त लॉट खातात असं बहुधा दिसेल. ती दूर करा.

'झेड' प्रमाणपत्र काय आहे? घ्यावं का?

लहान कारखान्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. 'झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट', म्हणजे मालात दोष नाही आणि पर्यावरणावर दुष्परिणाम नाही, ही हाक पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०१४ च्या भाषणात दिली. योजना २०१६ मध्ये आली आणि एप्रिल २०२२ मध्ये नव्या रूपात सुरू झाली. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा तीन पायऱ्या आहेत. ब्राँझला पाच निकष, सिल्व्हरला चौदा, गोल्डला वीस. प्रमाणपत्राच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघु उद्योगाला ६० आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के अनुदान अशी रचना आहे. महिलांच्या मालकीच्या उद्योगांना शुल्काची पूर्ण सवलत. उद्यम नोंदणी हवी.

मला यात आवडतं ते असं की दोष आणि परिणाम एकाच फॉर्मवर विचारले जातात. या पानाचं पहिलं उत्तर आठवा. मात्र ब्राँझ मिळालं की थांबू नका. पाच निकष पुरे करणं फार अवघड नाही, आणि भिंतीवरचा कागद पाणी वाचवत नाही.

ईएफक्यूएम, बाल्ड्रिज वगैरे आपल्या कामाचे आहेत का?

पुरस्कारासाठी नाहीत. ईएफक्यूएमच्या २०२० च्या मॉडेलमध्ये संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची उद्दिष्टं पायाशी धरली आहेत, आणि दिशा, अंमलबजावणी, परिणाम अशी साधी विभागणी आहे. वर्षातून एकदा पाच-सहा जणांनी बसून स्वतःला प्रश्न विचारायला ती छान आहे. तेवढंच.

आमच्याकडे ईटीपी आहे, मंडळाची संमती आहे. मग आणखी काय करायचं?

संमती म्हणजे किमान मर्यादा. १९७४ चा पाणी कायदा आणि १९८१ चा हवा कायदा यांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ती देतं. रंगाईसारखं सांडपाणी काढणारं काम 'रेड' वर्गात मोडतं. कापड प्रक्रियेच्या सांडपाण्यासाठी बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी (तीच घाण रसायनाने मोडायला लागणारा ऑक्सिजन) २५०, पीएच ६.५ ते ८.५ अशा मर्यादा केंद्राने घातल्या आहेत. तुमच्या संमतीपत्रात त्याहून कडक अट असेल तर तीच लागू. पर्यावरण विवरण दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी, घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपूर्वी. या तारखा कॅलेंडरवर लाल शाईने लिहा.

आता ईटीपीबद्दल एक गैरसमज. बीओडी-सीओडी जिवाणूंच्या टाकीत उतरतं, रंग रसायनाने बराच बसतो. पण मीठ तसंच पार होतं. जिवाणू मीठ खात नाहीत. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) खाली आणायचं तर आरओ लागतो, आणि आरओचं उरलेलं खारट पाणी आटवायला बाष्पीभवन यंत्रणा, जी इंधन पिते. म्हणून मीठ वाचवायची जागा शेवटी नाही, सुरुवातीला आहे: कमी पाण्याचं मशीन, कमी मिठात चढणारे रंग, आणि पहिल्याच वेळी बरोबर शेड. पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की त्याचं रेझिन पुन्हा चार्ज करायलाही मीठच लागतं.

आम्ही फक्त विणतो. रंगाई बाहेरून करून घेतो. आमचा काय संबंध?

सूत रंगवून घेणारा तुम्ही आहात, म्हणजे पुरवठादार निवडणारे तुम्ही. आयएसओची दोन्ही मानकं बाहेरून करून घेतलेल्या कामावर नियंत्रण मागतात. रंगाईवाल्याला भाव विचारताना दोन प्रश्न जास्त विचारा: संमतीपत्राची मुदत कधीपर्यंत आहे, आणि गाळ कुठे जातो. गाळ पाठवल्याच्या पावत्या दाखवायला जो कचरतो, त्याचा स्वस्त भाव कुणीतरी दुसरा भरतोय.

तुमच्या शेडमध्येही काम आहेच. हवेच्या दाबावर चालणारे लूम असतील तर सुट्टीच्या दिवशी लूम बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि शांतपणे फिरा. जिथे जिथे 'सूंऽऽ' ऐकू येईल तिथे खडूची खूण करा. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि ती गळती रात्रंदिवस चालू असते. टॉवेलच्या शिअरिंगमधून, म्हणजे वरचे फासे कापताना, उडणारा कापसाचा भुगाही विसरू नका. तो कामगाराच्या छातीत जातो. त्याची नोंद सुरक्षेच्या वहीत असते, आणि त्या वहीला फार कमी जण हात लावतात.

बॉयलरमध्ये काय पाहावं?

कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं पुन्हा झालेलं पाणी, परत येतो का ते. गरम, मऊ, पैसे देऊन तापवलेलं पाणी गटारात सोडणारे कारखाने मी पाहिले आहेत. मग स्टीम ट्रॅप आणि पाइपवरचं आवरण. ब्रिकेट (शेतातल्या कचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्या) वापरत असाल तर ते पावसाळ्यात झाकून ठेवा. ओलं इंधन म्हणजे काळा धूर आणि कमी वाफ.

परदेशी ग्राहक एकदम पाच प्रमाणपत्रं मागतो. आधी कुठलं?

ती वेगवेगळ्या गोष्टींची आहेत, हे आधी समजून घ्या. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० तयार मालात घातक पदार्थ नाहीत हे सांगतं. गॉट्स हे सेंद्रिय धाग्यापासून पुढच्या सगळ्या साखळीचं आहे, त्यात सांडपाणी आणि कामगारांच्या अटीही येतात. आयएसओ १४००१ तुमच्या व्यवस्थेबद्दल आहे, आणि ते कुठलीही ठरावीक पातळी गाठल्याची हमी देत नाही. सुधारत राहण्याची चौकट तेवढी देतं.

माझा क्रम असा: आधी रसायनांची यादी आणि प्रत्येकाचं सुरक्षा-पत्रक. काही ॲझो रंगांवर आपल्याकडेही १९९७ पासून बंदी आहे, सुटा रंग घेणाऱ्याने तर फारच जपावं. ही यादी चोख झाली की ओएको-टेक्सची अर्धी तयारी होते, आणि १४००१ ला ती लागतेच. देशातल्या मोठ्या खरेदीदारांकडूनही आता प्रश्नावल्या येतात, कारण सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. मघाचे चार आकडे तुमच्याकडे असतील तर ती प्रश्नावली एका दुपारी भरून होते.

"दोन दिवसांत आयएसओ" असा फोन येतो. खरं असतं का?

नसतं. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्थेला एनएबीसीबीची (प्रमाणन संस्थांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) किंवा तत्सम मान्यता आहे का हे तपासावं लागतं. ऑडिटर कारखान्यात पाऊल न टाकता पाठवलेला कागद पहिल्याच जाणकार ग्राहकासमोर उघडा पडतो. माझ्या ओळखीच्या एका उद्योजकाची ऑर्डर अशीच गेली, आणि पैसे तर आधीच गेले होते.

कामगार सहकार्य करत नाहीत, सूचना वाचत नाहीत. काय करावं?

सूचना कुठल्या भाषेत आहेत ते आधी पाहा. आपल्या शेडमध्ये घरी तेलुगू बोलणारी पद्मशाली माणसं आहेत, कन्नड बोलणारी आहेत, दखनी बोलणारी आहेत. आणि भिंतीवर सल्लागाराने लावलेला इंग्रजी तक्ता. एका ठिकाणी आम्ही डोसचा तक्ता काढून टाकला आणि त्याऐवजी मापाच्या मगांवर रंगीत पट्ट्या मारल्या: पाणी हलकं असेल तर हिरव्या पट्टीपर्यंत, जड असेल तर लाल पट्टीपर्यंत. ऑडिटरने विचारलं, कार्यसूचना कुठे आहे? मशीनवरच्या मावशींनी मग वर करून दाखवला. ऑडिटरने तो मान्य केला.

आणखी एक. चूक सांगणाऱ्याला दम मिळत असेल तर चुका लपतात, आणि लपलेली चूक रात्रपाळीत नाल्यात जाते. डेमिंग यांचा एक आग्रह होता: कामाच्या जागेवरून भीती हाकला. मघाच्या गोष्टीतल्या तोलकाट्यावरच्या पोराला दुसऱ्या दिवशी मास्टरनी सगळ्यांसमोर चहा पाजला. तेव्हापासून टँकरची पहिली परीक्षानळी तोच धरतो.

साखर कारखाने, फाउंड्री, खाद्यप्रक्रिया यांनाही हे लागू आहे का?

पद्धत तीच, पैलू वेगळे. साखरेत बगॅस (उसाचा चोथा), मळी आणि प्रेसमड (रस गाळल्यावरचा गाळ) यांना तयार बाजार असल्यामुळे 'वाया' या शब्दाचा अर्थच बदलतो. त्या धंद्यातल्या माणसाने त्यावर लिहावं.

सोमवारी सकाळी नेमकं काय करू?

गेल्या तीन महिन्यांची फेररंगाईची वही घ्या. प्रत्येक परत आलेल्या लॉटपुढे तारीख, शेड, मशीन, पाळी, आणि त्या दिवशी पाणी कुठून आलं होतं ते लिहा: उजनीची लाइन, बोअर की टँकर. शेवटचा रकाना भरायला गेटवरची वही लागेल, वॉचमनला आधी सांगून ठेवा. मग वहीसकट मास्टरकडे जा आणि त्यांना विचारा, यातलं त्यांना काय आधीपासून माहीत होतं.